रडण्यामागची घंटा

माझी मुलगी समोरच्या हेलनच्या घरात रडली तेव्हा ती माझ्या खांद्यावर झोपलेली होती. मी कुकरची शिट्टी चिमट्याने जरा उचलून वाफ राहिलीय का बघत होते. डाव्या खांद्यावर तिचं डोकं, मानेशी तिची कोमट लाळ, आणि जिन्यापलीकडच्या बंद दारामागून तिचं रडणं आलं. आधी श्वास आत ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की वाटावं, राहिलं, आता येत नाही. आणि मग ते, वरून खाली कोसळत आलेलं, शेवटी घशात खरवडलेलं. चिमटा सुटला, वाफ मनगटावर आली, भाजल्याचं नंतर कळलं. पहिल्यांदा मी मोकळ्या हाताने तिची पाठ चाचपली. होती. झोपेत ओठ चोखत होती. त्या रडण्याच्या मागे, खूप मागे, घंटा होती. तीन ठोके, जरा थांबून तीन. ती ऐकली तेव्हा कळलं की हेलनने आठची मालिका लावली आहे, आणि मालिकेतल्या कुणाच्या तरी बाळाला आज पुन्हा माझ्या मुलीचं रडणं दिलेलं आहे.

दिवाळीपासून हे चाललं होतं. मालिकेचं नाव ‘नांदीघर’. शंभर वर्षांपूर्वीची संगीत नाटक मंडळी, ती चालवणारं एक कुटुंब, त्यातले भाऊ, जावा, पेटीवाले, मिरजेचा मुक्काम, पुण्याचा मुक्काम. सगळं बैलगाड्यांत आणि समयांच्या उजेडात. या कुटुंबात मुलं फार होत आणि त्यातली बरीच जात, त्यामुळे रडणारं बाळ सारखं लागे. एकदा धाकट्या जावेच्या मुलाला ते रडणं दिलं. एकदा नुसतं दाराआडून, कुणाचं ते न दाखवता. त्या दिवशी ज्याला दिलं ते बाळ प्लेगमध्ये गेलं. मी हेलनच्या दाराशी जाऊन उभी राहिले तर पडद्यावर पांढऱ्या कपड्याची लहानशी वळकटी होती आणि बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मिरजेच्या त्या नाटकगृहामागे चर्चची घंटा कशी वाजते, हे महाराष्ट्रात कुणी विचारलं नाही. हेलन शाळेत शिकवते, मुलांच्या वह्यांतला काना-मात्रा सोडत नाही, पण तिलाही ती ऐकू यायची नाही. जन्मल्यापासून रोज बाराला ती तिच्या कानात आहे. मी एकदा म्हटलं, मागे घंटा ऐकलीस का, तर म्हणाली, कुठली? आणि मग माझ्या खांद्यावरच्या पोरीकडे बघून म्हणाली, “बघ ना, स्वतःच्या मरणावर स्वतःच झोपलीय.” ती गमतीत म्हणाली. हेलनच्या बोलण्यात विष नसतं. मी दोन दिवस तिच्याकडे गेले नाही.

माझ्या सासूबाई, मनोरमाबाई, यांचे वडील स्वतःच्या लग्नाआधी एका नाटक मंडळीत ऑर्गन वाजवत. एवढंच. पण ‘नांदीघर’वाल्यांनी होळी बाजाराच्या बाजूच्या वाडीतलं इनेझबाईंचं घर शूटिंगला घेतलं आणि सासूबाई एकदा बघायला म्हणून गेल्या, त्या रोज जाऊ लागल्या. नऊवारीचा काष्टा कसा, नायिकेच्या खोप्यात फूल कुठे, गायक नट आत येताना आधी कुणाच्या पाया पडे, हे त्या सांगत आणि पंचविशीतली मुलं त्यांना खुर्ची देत. मी तोवर त्यांना कधी कुणी खुर्ची देताना पाहिलं नव्हतं. घरी जितेश, माझा नवरा, रात्री नऊला येई, जेवताना टीव्हीवरच्या बातम्या बघे, आईने काही विचारलं तर हूं म्हणे. सेटवरून त्या घरी येत तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागलेला असे. एके दिवशी ताट वाढता वाढता म्हणाल्या, त्यांना बाळ हवंय. आपली क्षितिजा सांगितली मी. विचारलं नाही, सांगितलं. जितेशने पहिल्यांदाच बातम्यांवरून मान वळवली आणि हसला. पोरगी टीव्हीत येणार. मी म्हटलं, तिला माणसांची सवय नाही अजून. सासूबाई म्हणाल्या, मग व्हायला नको का? पुढे मीही हसले असेन. मला आठवतं ते असं की त्या रात्री मी तिची नखं कापली, अगदी बारीक, कुणाला ओरखडू नये म्हणून.

इनेझबाईंचं घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते त्यांचं राहिलं नव्हतं. अंगणातल्या क्रुसाला चारी बाजूंनी झावळ्यांची ताटी लावून टाकली होती. हॉलमधल्या अल्तारासमोर, त्यांच्या देव्हाऱ्यासमोर, रंगवलेला पडदा, त्यावर राजवाडा आणि दोन मोर. संध्याकाळी काम थांबलं की इनेझबाई त्या पडद्याच्या मागे शिरून मेणबत्ती लावत, म्हणजे राजवाड्याच्या खिडकीत थोडा वेळ खराच उजेड दिसे. त्यांच्या नवऱ्याला, प्लासिडना, फुलांच्या वाफ्यांवरून वायरी नेल्याचा राग होता. ते दिवसभर पाठमोरे बसून शेवंतीच्या जुड्या बांधत. मी मुलीला घेऊन पडवीत बसले. बदामी रंगाची सुती साडी नेसले होते, माझ्या आईची, धुवून धुवून सायीसारखी झालेली. बाळंतपणापासून मी गाऊनमध्येच असे, पण मुलगी झोपताना ही साडी तिला लागे, पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय डोळे मिटत नसत. म्हणून तीच नेसून गेले. सासूबाईंनी एकदा माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, हां, हीच बरी.

वासूनानाचं काम करणारा नट तिथे माझ्याशी बोलला. वासूनाना म्हणजे मंडळीतला नायिका करणारा पुरुष. मालिकेत त्याची बायको बाळंतपणात जाते, नाटकाच्या रात्रीच, आणि तो नायिकेच्या वेषातच विंगेत येऊन बाळ हातात घेतो. नट चाळिशीचा असावा. भुवया कोरलेल्या, हात मऊ, बोलणं हळू. माझ्यापासून जरा लांब, जोत्याच्या कडेला बसला. त्याने बाळ मागितलं नाही, गालाला हात लावला नाही, कुचूकुचू केलं नाही. मला ते आवडलं. मला विचारत होता. तुम्ही हिला उचलताना आधी डावा हात घालता, का? मला माहीतच नव्हतं मी डावा हात घालते. झोपवताना काय म्हणता? मी लाजून म्हटलं, गाणं येत नाही मला, नुसतं हूं-हूं करते, दोनच सुरांत. मी म्हणून दाखवलं का? हो, दाखवलं. थोपटता कशा? दोन भरभर, एक सावकाश. हाक काय मारता? क्षितिजा तर मोठं नाव आहे. मी म्हटलं, मुटकी. तो हसला, अगदी माझ्यासारखं मान खाली घालून. त्याच्या मागे केळीच्या पानांवरून ऊन येत होतं आणि कित्येक महिन्यांत कुणी मला माझ्याबद्दल इतकं विचारलं नव्हतं. मी केस कानामागे घेतले, ते आठवतं. कॉलेजात झूलॉजीच्या प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं की बघणाऱ्याने हालचाल करू नये, नमुना बुजतो. मी बघणाऱ्यांतली आहे असं मला नेहमी वाटत आलं. ट्रेमध्ये मेणावर टाचण्यांनी ताणलेला बेडूक, आणि चिमटा धरणारी मी.

साडेअकराच्या सुमाराला एक मुलगी येऊन म्हणाली, ताई, साडी द्याल का थोडा वेळ? बाळाला वास ओळखीचा राहील. सासूबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. मी आतल्या खोलीत साडी सोडली आणि इनेझबाईंनी त्यांचा फुलाफुलांचा झगा दिला, तो माझ्या पोटऱ्यांपर्यंत आला आणि खांद्यावरून घसरत राहिला. मुलीला सासूबाईंनी घेतलं. मी मागे निघाले तर म्हणाल्या, “तू नको. आई समोर असली की मूल रडत नाही, आणि रडलं तर थांबत नाही. विहिरीकडे जाऊन बस.” हे त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनीच त्या लोकांना सांगितलं होतं, मला माहीत नाही. विहिरीच्या कठड्यावर मी बसले, परक्या झग्यात, आणि इनेझबाई शेजारी. पाण्यावर शेवंतीच्या पाकळ्या होत्या. चर्चची घंटा सुरू झाली. इनेझबाईंनी कपाळाला बोट लावलं, छातीला लावलं, ओठ हलवू लागल्या, आणि त्याच वेळी आतून श्वास ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी उठले. इनेझबाईंनी माझं मनगट धरलं, प्रार्थना न थांबवता. मग ते आलं. मी पाच-सहा महिन्यांत तिची सगळी रडणी पाठ केली होती, भुकेचं, ओल्याचं, पोटाचं, नुसतंच कंटाळ्याचं. हे त्यातलं नव्हतं. “बस, बाय,” इनेझबाई प्रार्थना संपल्यावर म्हणाल्या, “पोरं रडतातच. माझी सात रडली.” मी बसले. त्या धरून होत्या म्हणून बसले असं मी पुढे स्वतःला सांगत राहिले. म्हातारीच्या हातात असा कितीसा जोर असणार.

मुलगी परत मिळाली ती साडीत गुंडाळलेली, हुंदके देऊन देऊन झोपलेली. सगळे खुश होते. ध्वनी घेणारा माणूस म्हणे घंटा आली म्हणून हात वर करत होता, पण दिग्दर्शकाने थांबू दिलं नाही, असं रडणं पुन्हा मिळणार नव्हतं. घरी येऊन मी तिचे सगळे कपडे काढले आणि ट्यूबलाइटखाली तिला पाहिलं. मांड्यांच्या वळ्या उघडून पाहिल्या. कानांच्या पाळ्या, बगला, तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाळू. एक डाग नाही, वळ नाही, लाली नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी विचारलं, काय केलं तिला? म्हणाल्या, “कुणी बोट लावलं नाही. माझी नात आहे ती.” मग रडली कशी? “रडायला काय लागतं पोरांना,” असं म्हणून त्या देवाजवळ दिवा लावायला गेल्या. साडीच्या पदराला गुलाबीसर, तेलकट डाग होता, कपाळाएवढा. मी तो साबण लावून घासला. पुरता गेला नाही. मुलगी नीट बघितली, साडी नीट बघितली नाही.

त्या दिवसापासून मुलगी बदलली असं मी म्हणेन, जितेश म्हणेल मी बदलले. मी उचलायला हात घातला की ती आधी थांबून माझ्या तोंडाकडे बघे. क्षणभरच. दुकानदार नोट उजेडात धरतो तसं. मग येई. सासूबाईंकडे मात्र न बघता जाई, अंग टाकून. त्या मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणत, आजी बरी ना, आजी खरी ना. मी विचार करत असे. त्यांनी काहीतरी केलं होतं, आणि त्या बोलत नव्हत्या, आणि बोलत नव्हत्या हेच त्यांच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा असलेलं काहीतरी होतं, आणि त्या ते सोडणार नव्हत्या. पुन्हा एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “रंगपटातलं बाहेर बोलत नाहीत. आमच्या वडिलांनी कधी घराबाहेर सांगितलं नाही.” जणू ऑर्गनवाल्याची मुलगी आणि मी, अशा दोन जाती होत्या.

जितेश म्हणाला, आवाज रेकॉर्ड करून ठेवतात गं, वापरतात कुठेही. त्यांचा झाला तो आता. त्याला बाळंतपणापासून सुजणाऱ्या माझ्या पायांची वाटणारी काळजीही याच सुरात असते. तो निघून गेला की दिवस माझा. सासूबाई अकरा ते तीन सेटवर. त्या रिकाम्या दुपारी मी ठरवलं की ते रडणं कशाचं आहे हे मला काढता येईल. कारण असल्याशिवाय परिणाम नाही, बी.एस्सी.ला मला त्यात चांगले गुण होते. पहिल्या दिवशी मी दूध लांबवलं. ती रडली, चिडून, पाय आपटत. ते नव्हतं. मग न्हाणीघरात दिवा बंद करून दोघी उभ्या राहिलो. ती अंधाराला हात लावून बघत होती, रडलीच नाही. मग मोठा आवाज, डब्याचं झाकण फरशीवर. दचकली, ओठ काढला, विसरली. मग एक दिवस, मांडीला, आतल्या बाजूला, दोन बोटांत, किती हलकं ते मी आधी माझ्या हातावर घेऊन पाहिलं होतं. तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं आणि मग रडली, साधं, दुखल्याचं, आणि रडता रडता माझ्याच गळ्यात पडली. मला हायसं वाटलं. हे मी लिहून ठेवते आहे तसंच होतं: मला हायसं वाटलं, कारण ते रडणं हे नव्हतं. म्हणजे तिला चिमटा काढलेला नव्हता. मी तिला थोपटत होते, दोन भरभर एक सावकाश, आणि मनात एकेक कारण खोडत होते. भूक नाही. अंधार नाही. आवाज नाही. दुखणं नाही. मग उरतं काय? बाळाला याहून जास्त काय करता येतं? खाली रिक्षावाले भांडत होते, वाळत घातलेल्या दुपट्यांतून ऊन पडत होतं, आणि माझ्या बोटांना त्या मांडीचा मऊपणा अजून लागलेला होता.

संक्रांतीच्या आठवड्यात ‘नांदीघर’चा शंभरावा भाग आला. आधीचे गाजलेले प्रसंग पुन्हा दाखवणार असं जाहीर झालं, आणि त्यात वासूनाना आणि बाळ यांचा प्रसंग असणारच असं सासूबाईंना सेटवरून कळलं. त्यांनी हळदीकुंकू त्याच संध्याकाळी ठेवलं. बिल्डिंगच्या बायका, हेलन, इनेझबाईही. त्या शेवंतीचा भारा घेऊन आल्या आणि सोफ्याच्या कडेवर संकोचून बसल्या. वाण म्हणून सासूबाईंनी स्टीलचे डबे आणले होते. मी कुंकू लावत, तिळगूळ देत फिरत होते, मुलगी कडेवर. सासूबाई म्हणाल्या होत्या, ती बदामी साडी नेस, लोकांना दाखवायला बरी. डाग चुणीत दडवून मी ती नेसले. अंगावर घेताच मुलीने पदराचं टोक पकडलं, जुन्या सवयीने. आठ वाजले. जाहिराती झाल्या. पडद्यावर समया, बैलगाड्या, गर्दी, आणि मग वासूनाना शालू नेसून विंगेत आला, पाठमोरा. पुढचं सगळं बाळाच्या तोंडावर होतं. माझ्या मुलीचं तोंड, पडदाभर. श्वास ओढला. मग काहीच नाही. मग ते. आणि घंटा.

बायका चुकचुकल्या. कुणीतरी म्हणालं, किती खरं रडलीय हो. कसं जमवतात? आणि खोली भरलेली होती, सगळ्या बायका सासूबाईंकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि त्यांना कुणी खुर्ची दिलेली होती. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं की आता त्या सांगणार.

“मीच जमवलं,” सासूबाई म्हणाल्या. “ही पोरं म्हणत होती, चिमटा काढू, मिरची हुंगवू. मी म्हटलं, हात लावाल तर बघा. आमच्या वडिलांच्या मंडळीत असं करत नसत. तिथे नायिकेचं काम करणारे होते एक, तान्हं मूल नाटकात लागलं तर ते आधी त्याच्या आईला बघून घ्यायचे, तासभर. ती कशी चालते, कशी घेते, सगळं. हा आपला वासूनानाही हुशार. मी सांगितलं तसं हिच्याशी जाऊन बोलला.” त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने. “मग हिची साडी त्याने डोक्यावरून घेतली, तोंड झाकून, हीच साडी, बघा, हीच. डावा हात घालून पोरीला उचललं. हिच्यासारखं हूं-हूं केलं. हिच्यासारखं थोपटलं, दोन भरभर, एक सावकाश. मुटकी म्हणून हाक मारली, आवाजसुद्धा हिचाच. पोर काय विरघळली हो. पदर मुठीत धरला, छातीशी नाक घासायला लागली. हसायला लागली खुळ्यासारखी. तेव्हा त्याने पदर वर केला.”

हेलन म्हणाली, “आणि घाबरली.”

“छे,” सासूबाई म्हणाल्या, “चेहऱ्याला कशाला घाबरेल? रोज किती चेहरे बघते. त्याने काहीसुद्धा केलं नाही. डोळे मोठे केले नाहीत, दात दाखवले नाहीत. हूं-हूं बंद केलं, थोपटणं बंद केलं, आणि नुसतं बघितलं तिच्याकडे. रिकामं. जसं कुणी नाहीच समोर. ती हसून बघतेय त्याच्याकडे, हसतेय, वाट बघतेय, तोंडावर काही यावं म्हणून, आणि तो देतच नाही. बघत राहिला. मी कोपऱ्यातून बघत होते. आणि मग तिने जो श्वास ओढला.”

मग एकीने कानाला हात लावला आणि म्हणाली, धन्य आहे कलेची. इनेझबाई मांडीवरच्या डब्याकडे बघत होत्या. मी उभी होते. हातातलं कुंकवाचं तबक कुणीतरी काढून घेतलं ते मला आठवत नाही. मला केळीच्या पानांवरचं ऊन दिसत होतं, आणि जोत्याच्या कडेला बसून माझ्यासारखी मान खाली घालून हसणारा तो, आणि कानामागे केस घेणारी मी. म्हणजे त्या सगळ्या दुपारी मी जे शोधत होते ते मीच होते. भूक, अंधार, आवाज, चिमटा, सगळं करून पाहिलं, आणि खोडायचं राहिलं होतं ते एकच, आणि ते तर मी रोज तिच्यासमोर घेऊन फिरत होते. हळूहळू सगळं माझ्यातून खाली गेलं, तोंडातून, गालांतून, पायापर्यंत, आणि मला राग यायला हवा होता आणि येत नव्हता. काहीच येत नव्हतं.

कडेवर हालचाल झाली. मुलीने पदराचं टोक सोडून माझ्या हनुवटीला हात लावला. मी खाली पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, हसत, वरचे दोन दात दाखवत, वाट बघत. मला माहीत होतं आता काय करायला हवं. हसायला हवं, एवढंच. मी आतून हसू शोधलं आणि मला सापडलं नाही. गालाचं कातडं ओढायला हवं हे माहीत होतं आणि ते कुठून ओढतात ते सापडत नव्हतं. तिचं हसू जरा कमी झालं. पुन्हा मोठं झालं, मला मदत करावी तसं. मग गेलं. मी घाईने हूं-हूं सुरू केलं, आणि ते माझ्या कानाला त्याचं वाटलं. थोपटलं, दोन भरभर, एक सावकाश, आणि ते त्याचं होतं. मुटकी म्हणाले. तिने श्वास आत ओढला.

मग काहीच नाही. सगळ्या बायका वळल्या होत्या.

मग ते आलं, खोलीत, माझ्या छातीवर, घंटेशिवाय. तिने पाठीची कमान केली, दोन्ही हातांनी माझं तोंड दूर ढकललं आणि मागे, खोलीकडे, कुणाकडेही हात पसरले. “अगदी तेच गं,” हेलन म्हणाली, हळू आवाजात. सासूबाई खुर्चीतून उठल्या. “आण इकडे,” म्हणाल्या, दुष्टपणे नाही, सवयीने, आणि मी दिली. पदराचं टोक तिच्या मुठीत नव्हतंच, ते ओढून सोडवावं लागलं नाही. जाहिरातींनंतर पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा लागला होता, तीच, पडदाभर, तोंड उघडं. कुणीतरी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला, हिचं नीट ऐकू यावं म्हणून.